सह्याद्रीतल्या भागाचा टोपो नकाशा स्वतः बनवताय? मग कॉन्टूरच्या आधी सातबारा बघा

पावसाळा संपला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या ट्रेकिंग ग्रुपचा, नाहीतर एखाद्या गावच्या वन समितीचा फोन येतोच, "दादा, नकाशा बनवलाय, जरा बघता का". उघडून बघावं तर दरवेळी तेच, कॉन्टूर (सारख्या उंचीच्या रेघा) मस्त, हिलशेड (डोंगरांची सावली) मस्त, आणि वर जंगलाची हद्द म्हणून एक जाड हिरवी रेघ, ती कुठून आणली विचारलं की "नेटवर होती". त्या रेघेच्या भरवशावर कोणीतरी रोपं लावतं, कोणी कॅम्पसाईट ठरवतं, आणि मग वनरक्षक किंवा जमीनमालक येऊन उभा राहतो.

नकाशा वाईट नसतो, क्रम उलटा असतो. लोक आधी डोंगर काढतात आणि शेवटच्या रात्री हद्दी चिकटवतात. डोंगर कुठे पळून जात नाही हो. हद्द मात्र जमिनीवर नसते, कागदावर असते, आणि एकाच उतारावर चार खात्यांचे चार कागद असतात जे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून इथे हद्दीचं काम आधी आहे. उदाहरणाला तोरणा-राजगडची धार घेतोय कारण ती बहुतेकांच्या पायाखालची आहे.

१. आधी कागद-पेन: कशासाठी आणि केवढा

नकाशा कोण वापरणार ते एका ओळीत लिहा. रेस्क्यूसाठी असेल तर कडे, नाळा (कड्यातल्या अरुंद घळी), पाणी आणि मोबाईल रेंज महत्त्वाचं. वनहक्काच्या दाव्यासाठी असेल तर गट नंबर आणि कक्ष (वनखात्याचा सगळ्यात छोटा तुकडा) क्रमांक. ट्रेकसाठी असेल तर वाट आणि खाजगी जमिनीतून जाणारे तुकडे. तिन्ही एका नकाशात कोंबायला गेलात की वाचता येत नाही, अनुभव आहे.

मग स्केल. तोरणा ते राजगड सरळ रेषेत साधारण ७ किलोमीटर, १:२५,००० ला ते २८ सेंटीमीटर होतं, ए३ कागदावर आरामात बसतं. १:१०,००० ला तेच ७० सेंटीमीटर, म्हणजे चार कागद चिकटवा. पहिल्यांदा करताय तर १:२५,००० च घ्या. आणि हवा आहे त्या भागाच्या चारी बाजूंनी एक-एक किलोमीटर जास्तीचा डेटा घ्या, कडेला कॉन्टूर तुटतात आणि शेजारच्या गावाची शीव नेमकी तिथेच असते.

२. कुठली खाती आहेत त्याची यादी

ही पायरी सगळे गाळतात. एक तक्ता करा: खातं, त्यांचं सगळ्यात छोटं एकक, कागद कुठे मिळतो, कागदाची तारीख. आपल्या भागात साधारण एवढं निघतं:

महसूल: जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. तोरणा-राजगड रांगेच्या एका अंगाला वेल्ह्याकडची गावं आहेत, दुसऱ्या अंगाला भोर तालुक्यातली, म्हणजे तलाठी वेगळे, भूमी अभिलेखचं ऑफिसही वेगळं.

वन: विभाग, परिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र म्हणजे बीट, आणि खाली कक्ष क्रमांक. शिवाय राखीव की संरक्षित हे वेगळं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम ४ ची अधिसूचना म्हणजे राखीव करायचा इरादा आणि कलम २० ची म्हणजे अंतिम घोषणा. खूप नकाशांवर कलम ४ चीच हद्द "राखीव वन" म्हणून छापलेली दिसते. तारीख आणि कलम दोन्ही टिपून ठेवा.

खाजगी वन: हा सगळ्यात फसवा प्रकार. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा १९७५ चा, ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी सरकारजमा झाल्या, पण सातबाऱ्यावर कुठे नाव बदललं, कुठे नुसती इतर हक्कात नोंद आली. कुळाचं नाव दिसलं म्हणून मालकी धरू नका आणि "वन" शब्द दिसला म्हणून सरळ वनखात्याची हद्दही धरू नका.

पुरातत्त्व: राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राजगड आणि लोहगड दोन्ही जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्याची कोअर (मूळ जागा) आणि बफर (भोवतालचा पट्टा) ही आणखी एक रेषा.

बाकी: धरणाची बुडीत आणि संपादित जमीन, गायरान, देवराई, सामूहिक वनहक्क मिळालेलं क्षेत्र, अभयारण्य असेल तर त्याची आणि त्याच्या इको सेन्सिटिव्ह झोनची हद्द. तोरण्याकडे अभयारण्य नाहीये, पण हेच काम भीमाशंकरला करायला गेलात तर १३०.७८ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड तीन जिल्ह्यांत पसरलंय, तक्ता तिथे दुप्पट होतो.

तपासा: तक्त्यात "कागदाची तारीख" हा रकाना रिकामा राहिलेली एकही ओळ असेल तर पुढे जाऊ नका.

३. कागद गोळा करणं

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की ओपन सिरीज शीट पीडीएफमध्ये मिळतात, १:५०,००० ची, २० मीटर कॉन्टूरची. जुन्या नंबराप्रमाणे हा भाग ४७ एफ मध्ये येतो आणि गंमत बघा, शीटची कड १८ अंश १५ मिनिटांवर आहे, तोरणा तिच्या वर ४७ एफ/११ वर आणि राजगडचा बालेकिल्ला जेमतेम खाली ४७ एफ/१२ वर. म्हणजे एकाच ट्रेकला दोन शीट. नवीन सिरीजचे नंबर वेगळे, ई४३ ने सुरू होणारे, दोन्ही लिहून ठेवा.

गावनकाशा आणि गटाचे नकाशे महाभूनकाशावर दिसतात, सातबारा महाभूमीवर. पण डोंगरातल्या गावांचे ऑनलाईन नकाशे कधी तिरके, कधी शेजारच्या गावावर चढलेले असतात, त्यामुळे ते फक्त "कुठला गट कुणाशेजारी" एवढं कळायला वापरा. मोजमापासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, आणि मोजणी झालेली असेल तर क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. तलाठ्याकडे गाव नमुना १-अ मागा, ती वनजमिनींची नोंदवही असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि तिथे अर्ध्या प्रश्नांची उत्तरं असतात.

वनखात्याकडे परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, कक्षाचा नकाशा बघायला मागा. अर्जात गाव, गट, कक्ष आणि कारण स्पष्ट लिहा. नुसतं "नकाशा हवा आहे" लिहिलंत तर कागद टेबलावरच पडून राहतो.

सांभाळा: गुंठा आणि आर एकच समजू नका. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, जवळपास १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. शेतात हा फरक कोणी मोजत नाही, पण २०० हेक्टरच्या डोंगरपडीत तो सव्वादोन हेक्टरच्या पुढे जातो.

४. परवानग्या, फिल्डच्या आधी

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या भू-स्थानिक डेटाच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय माणसाला नकाशा बनवायला आधी परवानगी लागत नाही, संवेदनशील ठिकाणांच्या खुणा दाखवण्यावर तेवढी बंधनं आहेत. पण नकाशा बनवायला मोकळीक म्हणजे कुठेही घुसायला मोकळीक नाही. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी वेगळी, राखीव वनात मुक्काम करायचा तर तीही वेगळी, आणि मालकी जमिनीत मालकाला विचारणं ही साधी रीत आहे.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन बघा. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, लाल झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय नाही, आणि पुण्याच्या आसपास लोहगाव आणि खडकवासल्यामुळे बरंच काही हिरवं नाहीये. हिरव्यात असलात तरी खाली वनखात्याची जमीन असेल तर त्यांचीही परवानगी लागते. खरं सांगू का, १:२५,००० च्या नकाशाला ड्रोन लागतच नाही.

५. डेटम: इथेच मी स्वतः आपटलो

डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मोजलेल्या आकारावर धरलेत ते. माझ्या पहिल्या नकाशात जुनी टोपोशीट स्कॅन करून, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकून मी ती सरळ डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे जीपीएसच्या डेटममध्ये, बसवली. दिसायला सगळं छान. फिल्डवर एका बीटातल्या वनरक्षकांना नकाशा दाखवला, त्यांनी एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या नकाशात आमची चौकी ओढ्यात आहे." खरंच ओढ्यात होती. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत, आणि आपल्या भागात तो फरक जमिनीवर शंभर मीटरच्या वर भरतो. एवढ्यात गट बदलतो, गावसुद्धा बदलतं.

म्हणून क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या ईपीएसजी ३२६४३ लावा, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर, आपल्या भागाची मीटरमध्ये मोजणारी पद्धत. प्रत्येक थर आणताना तो मुळात कुठल्या डेटममध्ये आहे ते विचारा, "सॉफ्टवेअरला कळतं" असं समजू नका. जुनी शीट असेल तर जिओरेफरन्स करताना (जमिनीवरच्या जागेवर बसवताना) कलियानपूर १९७५ ची सीआरएस (निर्देशांक पद्धत) निवडा आणि मग बदलून घ्या.

तपासा: जीपीएसने स्वतः मोजलेली तीन ठिकाणं, एखादं देऊळ, पूल, रस्त्याचा फाटा, नकाशावर टाका. तिन्ही एकाच दिशेला सरकलेली दिसली तर डेटमची चूक. वेगवेगळ्या दिशांना सरकली तर स्कॅन वाकडा किंवा कागद आकसलेला.

६. गावनकाशा बसवणं

कोपऱ्यांवरून बसवू नका, कागद ओढला गेलेला असतो. जमिनीवर सापडतील असे बिंदू घ्या: तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा, जुनी विहीर, ओढ्यांचा संगम, देऊळ. कमीत कमी आठ-दहा, आणि पसरलेले, सगळे गावठाणाजवळ नकोत. बहुतेकांचे सगळे बिंदू खाली गावात असतात आणि वर डोंगरावर नकाशा रबरासारखा ताणला जातो. आधी साधं पहिल्या डिग्रीचं पॉलिनोमिअल (सगळा नकाशा सारखाच ताणणारं) लावून बघा, थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक बिंदूवर नकाशा ओढून बसवणारं) लगेच लावू नका, ते चुकीचा बिंदूसुद्धा गोड मानून घेतं आणि एरर शून्य दाखवतं.

डोंगरउताराच्या गटांत अजून एक भानगड. जुनी मोजणी साखळीने झालेली, आणि उतारावर साखळी उताराला धरून टाकली असेल तर अंतर जास्त भरतं. ३० अंशाच्या उतारावर १०० मीटर चाललात तर नकाशावर ते साडेशहाऐंशी मीटरच असतं. म्हणून शेतातले गट नीट बसले आणि वरची डोंगरपड बसेना तर लगेच जमीनमालकाला चोर ठरवू नका.

तपासा: पाच-सहा गटांचं डिजिटाईझ केलेलं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा, पोटखराब्यासकट (लागवड न होणारा भाग). फरक सगळीकडे साधारण सारखा असेल तर स्केलची गडबड, एकाच गटात असेल तर रेघ चुकली.

७. आता डोंगर

उंचीचा डेटा फुकट मिळतो, इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा, नाहीतर एसआरटीएम किंवा कोपर्निकस, साधारण ३० मीटरच्या पिक्सेलचा. यातून २० मीटरचे कॉन्टूर काढा आणि तिथे थांबा. ५ मीटरचे काढता येतात, सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही, पण ते खोटे असतात. हा डेटा झाडांच्या शेंड्यांची उंची धरतो, त्यामुळे देवराईवर एक नसलेलं टेपाड उगवतं, आणि उभे कडे घासून गुळगुळीत होतात.

कडे म्हणून हाताने काढायचे. कॉन्टूर दाटले म्हणजे कडा असेलच असं नाही, आणि कॉन्टूर विरळ दिसले म्हणून वाट असेल असं तर अजिबात नाही. एका पिक्सेलात ३० मीटर रुंद जागा मावते आणि नाळ बऱ्याचदा त्याहून अरुंद असते. राजगडाच्या संजीवनी माचीची निमुळती सोंड या डेटात कशी दिसते ते एकदा बघाच, मग विश्वास ठेवणं आपोआप कमी होईल.

सांभाळा: जीपीएसची कच्ची उंची आणि नकाशावरची समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी असते. पुण्याच्या भागात कच्ची उंची साठ-सत्तर मीटर कमी दाखवते. तोरणा १४०३ मीटर आहे, तुमच्या यंत्रात १३३५-४० आलं तर गड खचलेला नाहीये, सेटिंग बघा.

८. फिल्ड

डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत छातीएवढं असतं, हद्दीचा दगड पायाला लागतो तेव्हाच कळतो. मार्चनंतर वणवे, धुरकट हवा, आणि पाणी नाही.

घरून निघताना छापील नकाशाच्या दोन प्रती, एक पेन्सिलीने खराब करायला. फोनमध्ये ऑफलाईन नकाशा, ट्रॅक चालू, पॉवर बँक. महत्त्वाच्या बिंदूवर दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घ्या. कड्याखाली आणि नाळेत फोन वीस-तीस मीटर इकडेतिकडे सहज फेकतो, तिथला बिंदू "कच्चा" म्हणून वेगळा टाका.

हद्दीचा दगड सापडला की तीन गोष्टी: दगडाचा जवळून फोटो ज्यात नंबर किंवा खूण दिसेल, दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या जमिनीचा फोटो, आणि कोणी सोबत असेल तर त्याने काय सांगितलं ते जसंच्या तसं. मागच्या हिवाळ्यात खिंडीजवळ आम्हाला एक शेंदूर लावलेला दगड दिसला. मी म्हसोबा म्हणून पुढे निघालो होतो. सोबतचे आजोबा म्हणाले, "आरं, म्हसोबा हाय खरा, पर शिवंवर बसलाय. हिकडनं आमचं, तिकडनं त्यांचं." गावनकाशावर तिथे नुसता एक वळलेला कोपरा होता. तो बिंदू नसता घेतला तर शीव पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेली असती. बोलणं मात्र "स्थानिक माहिती" म्हणूनच नोंदवा, पुरावा म्हणून नाही, कारण पलीकडच्या गावातले आजोबा कदाचित दुसरा दगड दाखवतील.

नावांचंही तसंच. एकाच घळीला दोन बाजूंच्या वाड्यांत दोन नावं असतात, दोन्ही लिहा. पाण्याच्या टाक्यापुढे महिना लिहा, "जानेवारीत पाणी होतं". नुसता निळा ठिपका बघून मे महिन्यात कोणी बाटल्या रिकाम्या घेऊन चढला तर काय करणार.

९. हद्दी एकावर एक ठेवणं, एकात एक नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. महसुलाची गावशीव, वनकक्षाची हद्द आणि पाणलोटाची धार जवळजवळ एकाच जागी असतात, दहा-वीस-चाळीस मीटरच्या फरकाने, आणि मध्ये बारीक चिंध्या उरतात. त्या दिसायला घाण दिसतात म्हणून लोक स्नॅप करून सगळ्या रेघा एक करून टाकतात. करू नका! १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर २५ मीटर असते, म्हणजे काही चिंध्या नुसत्या पेनाच्या जाडीच्या आहेत, पण काही खऱ्या वादाच्या जमिनी आहेत, आणि घरी बसून कुठली कुठली ते कळत नाही.

प्रत्येक खात्याचा थर वेगळा. प्रत्येक रेघेला रकाने: कुठल्या कागदावरून, कागदाची तारीख, मूळ स्केल, जमिनीवर तपासली का, भरवसा किती (पक्की, कच्ची, ऐकीव). मग इंटरसेक्ट करून जिथे दोन खाती एकाच जमिनीवर हक्क सांगतात ते तुकडे वेगळ्या थरात काढा आणि जिथे कोणीच सांगत नाही तेही. दुसरा प्रकार लोक विसरतात. नकाशावर ओव्हरलॅप तिरक्या रेघांच्या पट्ट्यात दाखवा, रंग एकाचाच देऊ नका.

"धारेवरून हद्द जाते" हे वाक्य पुणे-रायगड सीमेबद्दल सगळे म्हणतात. बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. पण डीईएमवरून (उंचीच्या डेटावरून) काढलेली धार ही डीईएमची धार आहे, जिल्ह्याची हद्द नव्हे, तिला वेगळा थर द्या आणि वेगळं नाव.

तपासा: टोपॉलॉजी चेकर (फटी आणि ओव्हरलॅप शोधणारं साधन) गावांच्या थरावर चालवा, तिथे फट किंवा ओव्हरलॅप नको. खात्यांच्या थरांवर एकत्र चालवू नका, तिथे ओव्हरलॅप असणारच.

१०. छपाई

एक किलोमीटरची यूटीएम ग्रिड टाका. चुंबकीय फरक (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला) आपल्याकडे एका अंशापेक्षा कमी आहे, समासात लिहा आणि सोडून द्या. पक्क्या हद्दीला सलग रेघ, कच्चीला तुटक, ऐकीवला ठिपके. छापताना "फिट टू पेज" बंद, १०० टक्के. छापून झाल्यावर पट्टी ठेवून एक किलोमीटर बरोबर ४ सेंटीमीटर भरतो का बघा, झेरॉक्सवाल्याकडे हमखास ३.८ होतो आणि कोणी मोजत नाही.

समासात हे लिहाच: डेटम आणि प्रोजेक्शन, प्रत्येक हद्दीच्या कागदाची तारीख, फिल्डच्या तारखा, आणि ठळक अक्षरात, "हा नकाशा मोजणीचा नकाशा नाही, हद्दीच्या वादात वापरू नये". मोजणी हवी असेल तर भूमी अभिलेखकडे पैसे भरून अर्ज करायचा असतो, आपण कितीही नीट काम केलं तरी त्याला क प्रतीची किंमत नाही.

पहिल्या पाच प्रती वाटा: दोन्ही बाजूंच्या गावांत एकेक, बीटाच्या वनरक्षकांकडे एक, तलाठ्यांकडे एक, आणि वाट रोज तुडवणाऱ्या एखाद्या गुराख्याकडे एक. सोबत लाल पेन द्या आणि महिन्याने जाऊन प्रती परत आणा. फाईलचं नाव "फायनल" ठेवू नका, आवृत्ती १ ठेवा, कारण आमच्याकडे "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल खरंच" अशा तीन फायली आहेत आणि त्यातल्या कुठल्या फाईलमध्ये तो शेंदराचा दगड आहे ते अजून शोधतोय.